रूफटॉप सोलर, अर्थिंगचा टप्पा: रॉड झाला, खरं काम फ्रेमवर

तर मंडळी, छतावर पॅनल धरणाऱ्या रेल बसल्या, पॅनल चढले, स्ट्रिंगच्या (एकामागोमाग जोडलेल्या पॅनलच्या) वायरी कंड्युट पाइपमधून इन्व्हर्टरपर्यंत खाली आल्यात, आता अर्थिंग चालू आहे. ह्या टप्प्यावर ज्याला त्याला एकच विचारायचं असतं, किती ओहम आले? म्हणजे जमिनीत ठोकलेल्या अर्थिंगच्या रॉडचे. मला वाटतं त्या ओहमला आपण जरा फाजीलच मान देतो, आणि फ्रेम ते रेल हा जो जोड आहे, ज्याच्यावर सगळा खेळ आहे, त्याला कोणी मीटर पण लावून बघत नाही.

हिशोब करून बघा. एनईसीत, म्हणजे अमेरिकेच्या वायरिंगच्या नियमावलीत, नियम असा आहे की एका रॉडचा रेझिस्टन्स 25 ओहमच्या वर असेल तर दुसरा रॉड ठोका, पहिल्यापासून निदान 6 फूट अंतरावर, आणि गंमत म्हणजे दुसरा ठोकल्यावर परत मोजायची सक्ती नाही. आता समजा एसीचा फेज कुठेतरी बॉडीला लागला आणि करंटला परत जायला फक्त मातीचाच रस्ता आहे, तर 230 व्होल्ट भागिले 25, म्हणजे 9.2 अँपिअर. 16 अँपिअरचा एमसीबी ढिम्म हलणार नाही. बरं 5 ओहम आणलेत तरी 46 अँपिअर होतात, आणि सी कर्व्हच्या (नेहमीच्या एका प्रकारच्या) 16 अँपिअर एमसीबीला झटक्यात उडायला कमीत कमी 80 लागतात. म्हणून फॉल्टचा करंट धातूच्या वायरीने मेन बोर्डापर्यंत परत यायला हवा, आणि जिथे सप्लाय टीटी पद्धतीचा आहे, म्हणजे परतीला मातीच आहे, तिथे गळती करंटवर उडणारा आरसीसीबी लागतोच, त्याला पर्याय नाही. रॉड असतो तो वीज पडली, सर्ज आला, किंवा वरच्या लाइनची वायर खाली लागली तर त्यासाठी.

डीसी बाजूला, म्हणजे पॅनल ते इन्व्हर्टर, तर अजून मजा. माझ्या स्ट्रिंगचा शॉर्ट सर्किट करंट 14 अँपिअरच्या आसपास, आणि चालू असताना 13. पॅनल शॉर्ट केला तरी करंट जेमतेम एवढाच वाढतो, मग फ्यूज कशाच्या जिवावर उडणार? त्यामुळे इथे राखण करतो तो इन्व्हर्टर. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या इन्व्हर्टरमध्ये प्लस मायनस दोन्ही अर्थपासून सुटे असतात, तो ग्रिडला जोडायच्या आधी इन्सुलेशन तपासतो आणि चालू असताना गळती करंटवर नजर ठेवतो, आयईसी 62109-2 ह्या इन्व्हर्टरच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे एकदम 30 मिलिअँपिअरची उडी दिसली तर 0.3 सेकंदात बंद. पण फ्रेमच अर्थला नीट जोडलेली नसेल तर वायर फ्रेमला घासून सोलली तरी त्याला काहीच कळत नाही, फ्रेम आपली जिवंत होऊन बसते आणि जो पहिला हात लावेल त्याच्यातून गळती सुरू होते. जुन्या पद्धतीत एक डीसी वायर मुद्दाम अर्थ करायचे आणि फ्यूजवर भरवसा ठेवायचे, 2009 मध्ये कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डला छतावर आग लागली तेव्हा कळलं की अर्थ केलेल्याच वायरीत छोटा फॉल्ट झाला तर त्या फ्यूजला तो दिसतच नाही.

आता फ्रेमवर येतो. अॅल्युमिनियमवर अॅनोडायझिंगचा (मुद्दाम चढवलेल्या ऑक्साइडचा) थर असतो आणि तो चक्क इन्सुलेटर आहे. फ्रेमच्या बाजूवर आणि रेलवर प्रोब नुसते टेकवले तर मीटर ओएल दाखवतो, म्हणजे जोडच नाही, टोक जोरात खरवडून घुसवलं की लगेच बझर वाजतो. साधा मिड क्लॅम्प (दोन पॅनलच्या मधला पकडणारा तुकडा) घट्ट आवळला म्हणजे जोड झाला असं धरून चालू नका. मी दातेरी बाँडिंग वॉशर वापरलेत, आवळताना दात थर फोडून आत जातात, पण एकदा काढला की तो वॉशर टाकून द्यायचा, दुसऱ्यांदा तेच दात त्याच ताकदीने रुतत नाहीत. आणि आवळायला टॉर्क पानाच. हाताच्या अंदाजावर सोडायची जागा नाही ही.

मोजायला साधा मल्टिमीटर पुरत नाही कारण त्याच्या लीडचाच 0.2-0.3 ओहम असतो. मी बेंच सप्लायमधून (करंट ठरवता येणाऱ्या डीसी सप्लायमधून) 5 अँपिअर सोडले, एक टोक सगळ्यात लांबच्या फ्रेमला, दुसरं अर्थ वायरीच्या लगला (टोकाच्या धातूच्या टर्मिनलला), आणि प्रत्येक जोडावर मिलिव्होल्ट वाचत गेलो. बहुतेक जोडांवर 10-20 मिलिव्होल्ट, म्हणजे 2 ते 4 मिलिओहम, झकास. रेलच्या स्प्लाइसवर, म्हणजे दोन तुकडे जोडलेत तिथे, मात्र आकडा नाचत होता, तिथे वेगळा जंपर (जोडवायर) टाकलाय. दोन रांगांच्या रेल एकमेकींना धातूने लागत नाहीत, त्यामुळे त्यांच्यातही जंपर. वायर अशी ओढलीय की उद्या मधला एखादा पॅनल काढला तरी बाकीच्यांची अर्थिंग तुटू नये. आणि उघडा तांबा थेट अॅल्युमिनियमवर अजिबात नको, पाणी लागलं की अॅल्युमिनियम खाऊन टाकतो, मध्ये टिन केलेला लग आणि स्टेनलेसचे नट बोल्ट घाला.

रॉडवरून वाद होणार माहितीये. अॅरेसाठी, म्हणजे छतावरच्या सगळ्या पॅनलसाठी, वेगळा रॉड हवाच का? एनईसीनेच ह्यावर कोलांट्या मारल्यात, 2008 ला सक्ती, 2011 ला गायब, 2014 ला परत, आणि 2017 पासून हवा तर घाला. घातलात तर तो घराच्या मुख्य अर्थला जोडलाच पाहिजे. "डीसीचा वेगळा, एसीचा वेगळा, एकमेकांना लावू नका" हे मला पटत नाही, जवळ वीज पडली की दोन सुट्या रॉडमध्ये काही हजार व्होल्टचा फरक येतो आणि तो फरक बरोब्बर तुमच्या इन्व्हर्टरच्या आत भेटतो.

एसपीडीची (सर्ज अर्थमध्ये वळवणाऱ्या डब्याची) अर्थ वायर पण आखूड ठेवा, अर्ध्या मीटरच्या आत. सरळ वायरीचा इंडक्टन्स मीटरला साधारण 1 मायक्रोहेन्री, आणि सर्ज मायक्रोसेकंदाला 10 किलोअँपिअरने चढला तर मीटरमागे 10,000 व्होल्ट, जाडी वाढवून फारसा फरक पडत नाही. वेटोळं करून नीटनेटकी बांधलेली वायर दिसायला छान, कामाला वाईट.

राहिलंय ते रॉडचं फॉल ऑफ पोटेन्शिअल मोजमाप (रॉडपासून लांब दोन खुंटे ठोकून रेझिस्टन्स मोजायची पद्धत), मधला खुंटा रॉड ते लांबच्या खुंट्याच्या अंतराच्या 62 टक्क्यांवर आणि मग थोडा मागेपुढे सरकवून आकडा स्थिर राहतो का बघायचं. मोजताना रॉड बाकी अर्थपासून सोडवावा लागतो, त्यामुळे आधी मेन बंद, डीसी आयसोलेटर बंद. स्प्लाइसचे मिलिव्होल्ट पाऊस होऊन गेल्यावर परत घेणार, तेव्हाचे आकडे टाकतो. कोणी बाँडिंग होणारे तयार मिड क्लॅम्प वापरून असे मिलिव्होल्ट मोजले असतील तर तुमचेही टाका.