निळं, पिवळं आणि ३१ जुलै : ऑफिसच्या परमिशनचा माझा अनुभव

तीन-चार जणांनी विचारून झालं की कॉलनीच्या शेजारी ऑफिसची परमिशन तुला मिळाली कशी, कोणाला धरलं होतंस, म्हणून एकदाच लिहून टाकतो. कोणालाही धरलं नाही. धरण्यासारखी ओळखच नव्हती हेही खरं.

आमचं काम टॅक्स आणि जीएसटीचं, २२ जणांचा स्टाफ, इतकी वर्षं भाड्याच्या जागेत चाललं. पश्चिम इंदूरमधल्या आमच्या जुन्या मराठी कॉलनीला लागून (नाव लिहीत नाही, काकू लोकं वाचतात) बाबांनी घेऊन ठेवलेला ६० बाय ११० फुटांचा तुकडा होता, पुढे मोठा रोड, मागे कॉलनीची गल्ली. रोडला दोन्हीकडे बँक, कोचिंग, मिठाईचं दुकान, त्यामुळे हे सगळं कमर्शियलच असणार असं मी मनात धरून चाललो होतो आणि आर्किटेक्टकडून चार मजल्यांचं चित्रही काढून घेतलं होतं. साफ चूक. शेजारी काय उभं आहे ते कोणी विचारत नाही, मास्टर प्लानमध्ये तुमच्या खसऱ्यावर (जमिनीच्या सर्व्हे नंबरवर) कुठला रंग आहे तेच बघतात. इंदूरचा प्लान २०२१ पर्यंतचा, १ जानेवारी २००८ पासून लागू झालेला, त्याचं साल केव्हाच उलटलं पण नवीन आलेला नव्हता म्हणून माझंही सगळं त्याच्यावरच झालं. टीएनसीपीतून (टाउन अँड कंट्री प्लानिंग, म्हणजे नगर नियोजनाचं खातं) भू-उपयोगाचं प्रमाणपत्र काढलं तर पुढचा अर्धा भाग निळा म्हणजे व्यापाराचा, मागचा पिवळा म्हणजे राहण्याचा. एका प्लॉटवर दोन रंग!

एक सल्लागार भेटले, ते म्हणाले भिया टेन्शन नका घेऊ, २३-क मध्ये मागचं पण निळं करवून घेऊ. ही १९७३ च्या नगर तथा ग्राम निवेश अधिनियमातली धारा. त्यात प्लानच बदलायचा असतो, फाइल भोपाळला जाते, शासनाला पटलं तर मसुदा पेपरात दोन दिवस छापतात, मग १५ दिवस कोणीही आपत्ती-सुझाव (म्हणजे हरकती-सूचना) देऊ शकतो, मग सुनावणी, आणि एवढं होऊन नाहीच म्हणाले तर बसा. मी विचारलं आपत्त्या आल्या तर? ते म्हणाले कोण देतंय हो. यांनी आमची कॉलनी पाहिलेली नाही. गणपतीच्या वर्गणीत ५१ रुपये कमी निघाले तर रात्री १२ पर्यंत मीटिंग चालते इथे.

घरी येऊन बायकोशी बोललो आणि ठरवलं, बिल्डिंग फक्त निळ्यात, तळमजला पार्किंगला आणि वर दोन मजले, मागचं पिवळं तसंच मोकळं. सल्लागारांचा फोन नंतर आला नाही.

कागदांचं थोडक्यात सांगतो. बाबा जाऊन सहा वर्षं झाली तरी नामांतरण (कागदावर आमचं नाव चढवणं) केलं नव्हतं, हा माझाच आळस, त्यात चार महिने गेले. सीमांकन (हद्दीची मोजणी) करवलं तेव्हा कळलं की मागच्या शेजाऱ्यांची भिंत आमच्यात दीड फूट आहे, ते मी सोडून दिलं (पुढे कामी आलं). डायव्हर्जनला (महसूल खात्यात जमिनीचा वापर बदलून घेणं) मी सगळ्यात जास्त घाबरत होतो पण २०१८ च्या दुरुस्तीनंतर त्याला आधी परवानगी लागत नाही, आपणच हिशोब करून पैसे भरायचे आणि एसडीओला, म्हणजे महसूलच्या उपविभागीय अधिकाऱ्याला, कळवायचं. नगर निगमचा नकाशा आर्किटेक्टच ऑनलाइन टाकतो, आपण फक्त दर दोन दिवसांनी त्याला फोन करायचा.

खरा घोळ कॉलनीत झाला. टीएनसीपीची मंजुरी आल्यावर आम्ही पत्र्याचं कुंपण घातलं आणि त्याच आठवड्यात कोणीतरी १८१ वर, म्हणजे सीएम हेल्पलाइनवर, तक्रार टाकली की इथे मॉल होऊन राहिलाय. पुढच्या मंगळवारी सहा जण कलेक्टर ऑफिसच्या जनसुनवाईत (दर मंगळवारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तिथे) अर्ज देऊन आले, त्यातल्या दोघांचे रिटर्न मीच भरतो. मंजुरीत काही खोट नव्हती, पण १८१ ची तक्रार उघडी असली की कुठलाही अधिकारी सही करताना दहादा विचार करतो. आणि मला राग आला होता हे कबूल करतो. रंग माझा, कागद पूर्ण, मग काय?

आईने सांगितलं, भांडू नकोस, मंदिराच्या हॉलमध्ये बोलाव सगळ्यांना. नकाशाची मोठी प्रिंट घेऊन गेलो, पोहे ठेवले. काकालोक एफएआर (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम), उंची, सावली यावर बोलले, ती उत्तरं माझ्याकडे तयार होती. मग मागच्या घरातल्या काकू (दीड फुटाच्या भिंतीवाल्या, शाळेत मला गणित शिकवलेल्या) म्हणाल्या, "ते सगळं राहू दे रे. ३१ जुलैला तुझ्याकडे किती गाड्या येतात?"

मला उत्तर देता आलं नाही. पार्किंग मी नियमाप्रमाणे धरलं होतं, स्टाफपुरतं नीट होतं, पण रिटर्नच्या शेवटच्या आठवड्यात क्लायंट येतात ते हिशोबातच नव्हते, आणि त्या गाड्या साहजिकच मागच्या गल्लीत घुसणार कारण तिथेही मी गेट दाखवलं होतं. नशिबाने जुलै जवळच होता. जुन्या ऑफिसच्या दारात पोराला बसवून मोजलं, एका वेळेला जास्तीत जास्त ४३ टू-व्हीलर आणि ९ कार. नकाशात जागा होती २५ आणि ६.

नकाशा बदलला. मागचं गेट काढून सलग भिंत, येणं-जाणं फक्त मोठ्या रोडने, तळमजल्यावरचं रिसेप्शन वर नेलं आणि ती जागा गाड्यांना दिली, वर मागच्या खिडक्यांना दुधी काच. सुधारलेल्या नकाशाचे पैसे आणि दोन महिने गेले, आर्किटेक्ट कुरकुरला. कॉलनीला लिहूनही दिलं की जुलैत शेवटचे दहा दिवस रोडवर आमचा एक गार्ड उभा राहील.

निगमची भवन अनुज्ञा, म्हणजे बांधकामाची परवानगी, त्यानंतर आली. काकूंनीच फोन करून सांगितलं की १८१ वाल्यांचा फोन आला होता, समाधान झालं म्हटलं मी. तक्रार त्यांची होती हे मला तेव्हा कळलं.

सध्या प्लिंथ झालाय. मागच्या पिवळ्या भागात बाबांचा आंबा आहे, कैऱ्या कॉलनीतली पोरं नेतात.