न लिहिलेले तास

पुण्यातल्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांमध्ये माणसे फार वेळ काम करतात, हे आता कोणी नाकारत नाही; वाद असतो तो ती का करतात याविषयी. महत्त्वाकांक्षा, घराच्या कर्जाचे हप्ते, वरिष्ठांचा धाक, अशी उत्तरे दिली जातात आणि त्यांत तथ्यही आहे. परंतु प्रकल्पांचे अंदाज बांधणे आणि ते प्रकल्प पार पाडणे ही दोन्ही कामे केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, जादा कामाच्या या संस्कृतीचे मूळ माणसांच्या स्वभावात शोधण्याआधी ते टाइमशीटमध्ये, म्हणजे रोजच्या कामाचे तास भरण्याच्या तक्त्यात, शोधावे. जे तास तिथे लिहिलेच जात नाहीत, त्यांच्या जोरावर हा सगळा व्यवहार चालतो.

हे कसे घडते ते थोडे विस्ताराने सांगायला हवे. समजा, एका कामाला एक हजार तास लागतील असा अंदाज टीमने दिला. विक्री विभागाला प्रतिस्पर्ध्यापेक्षा कमी किंमत दाखवायची असते, म्हणून तो आठशेवर आणला जातो. ग्राहक आणखी घासाघीस करतो आणि करार सातशे तासांवर होतो. काम मात्र हजार तासांचेच राहते, कारण करारावर सही झाली म्हणून चाचण्या कमी होत नाहीत, की पंधरा वर्षे जुन्या प्रणालीतला गुंताही सुटत नाही. उरलेले तीनशे तास रात्री, शनिवारी आणि गणपती-दिवाळीच्या सुट्टीत भरून काढले जातात. टाइमशीटमध्ये ते दिसत नाहीत, कारण दिवसाला आठ किंवा नऊ तासांहून अधिक भरण्याची सोयच अनेक ठिकाणी नसते, आणि जिथे असते तिथे जास्त तास भरले की प्रकल्प बजेटबाहेर चालला म्हणून मॅनेजरला जाब विचारला जातो. प्रकल्प संपतो तेव्हा मागे नोंद राहते ती सातशे तासांची. पुढच्या वर्षी तशाच कामाचा अंदाज बांधायला बसले की हीच नोंद उघडली जाते; मागच्या वेळी सातशेत झाले होते, आता टीम अनुभवी आहे, तेव्हा साडेसहाशे धरू, असे ठरते. त्या बैठकीत कोणीही जाणूनबुजून खोटे बोलत नसते, सगळे समोरच्या आकड्यांवरूनच बोलत असतात. अलीकडे एआयच्या साधनांमुळे काम लवकर होईल असे गृहीत धरून त्यातूनही आणखी तास कापले जातात, आणि ते साधन त्या विशिष्ट कामात उपयोगी पडेल की नाही हे नंतर टीमला कळते.

दुसरे कारण घड्याळाचे आहे, कारण ग्राहक अनेकदा अमेरिकेत असतो. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते आणि नोव्हेंबरमध्ये तिथली घड्याळे मागे सरकली की हे अंतर साडेदहा तासांचे होते. रात्री साडेआठचा कॉल मग साडेनऊला येतो. सकाळचे ऑफिस मात्र त्यासाठी उशिरा सुरू होत नाही. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार स्त्रियांना रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचे तर त्यांची संमती, सुरक्षितता आणि घरी पोहोचवण्याची सोय पाहावी लागते. घरच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून घेतलेल्या कॉलकडे मात्र काम म्हणून कोणी पाहत नाही.

शरीर या तासांचा हिशेब ठेवते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि रक्तवाहिन्यांच्या विकारामुळे होणाऱ्या हृदयरोगाने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. अशा कामाच्या तासांमुळे २०१६ या एका वर्षात जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे दगावल्याचा त्यांचा अंदाज आहे. सततच्या ताणाने शरीरातील संप्रेरकांचे संतुलन बिघडते आणि रक्तदाब वाढतो, हा एक मार्ग. झोप कमी, हालचाल कमी, अवेळी जेवण, सिगारेट आणि दारू हा दुसरा. आमच्या व्यवसायात पस्तिशीच्या आत रक्तदाबाची गोळी सुरू झालेली माणसे मला आता नवलाची वाटत नाहीत, आणि याचेच मला अतिशय वाईट वाटते.

कंपन्यांचे मनुष्यबळ विभाग यावर ध्यानधारणेचे वेबिनार ठेवतात, समुपदेशकाचा फोन नंबर देतात. समुपदेशनाची गरज असलेल्या माणसाला ते जरूर मिळावे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेनेच २०१९ मध्ये आपल्या रोग-वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटचा, म्हणजे कामाने पार थकून जाण्याचा, समावेश आजार म्हणून न करता कामाशी निगडित स्थिती म्हणून केला आहे, आणि दीर्घकाळ नीट न हाताळल्या गेलेल्या कामाच्या ठिकाणच्या ताणातून ती उद्भवते असे म्हटले आहे. म्हणजे उपाय आधी कामाच्या ठिकाणी व्हायला हवा. थकलेल्या माणसाने आणखी अर्धा तास काढून श्वासाचे व्यायाम करावेत, असे सांगणे म्हणजे त्याच्याच वेळातून आणखी एक हप्ता वसूल करणे आहे.

मुंबईच्या गिरणी कामगारांना हे फार आधी कळले होते. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे जे निवेदन पुढे आणले, त्यातल्या मागण्या आज वाचल्या तर त्यांचा नेमकेपणा लक्षात येतो: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, आणि पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार. काम कधी सुरू होणार आणि कधी थांबणार हे त्यात स्पष्ट लिहिलेले होते. रविवारची सुट्टी मिळायला १८९० उजाडले. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची मर्यादा पुसली गेली. कामाचा दिवस पुन्हा लांबला. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली, १९२२ मध्ये आठवड्याला ६० तास ठरले, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी ते ५४ झाले, आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूर खात्याचे मंत्री असताना हाती घेतलेल्या सुधारणेतून १९४६ मध्ये ४८ तासांवर आले. दिवसाला बारा तासांवरून सरासरी आठ तासांवर येण्यासाठी या देशातील कामगारांना पस्तीस वर्षे लागली. गिरणीत भोंगा होता आणि हजेरी होती, म्हणून जादा तास निदान दाखवता येत होते. लॅपटॉपने आमच्याबाबतीत तेच केले जे विजेच्या दिव्यांनी त्यांच्याबाबतीत केले होते, फक्त आमच्याकडे भोंगा नाही.

कायदा आजही ४८ तासांचा आहे आणि त्यापुढच्या कामाला दुप्पट दराने मोबदला द्यावा असे तो सांगतो. पण दुप्पट कशाच्या करायचे? नोंद नसलेल्या तासाला मोबदला मागता येत नाही. त्याशिवाय महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्याच्या तरतुदी व्यवस्थापकीय, पर्यवेक्षकीय किंवा गोपनीय स्वरूपाचे काम करणाऱ्यांना लागू होत नाहीत, आणि आमच्या क्षेत्रात चार-पाच वर्षांत कोणत्या ना कोणत्या पदनामात 'लीड' किंवा 'मॅनेजर' हा शब्द येतोच. हाताखाली एकही माणूस नसलेले मॅनेजर मी अनेक पाहिले आहेत. त्यात ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर आणि दुकाने व आस्थापनांतील ९ वरून १० तासांवर नेण्यास मान्यता दिली. कामगाराची लेखी संमती आवश्यक राहील असे त्या वेळी सांगण्यात आले. नोकरी टिकवायची असलेला माणूस अशी संमती कितपत नाकारू शकेल, याबद्दल मला गंभीर शंका आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे मत मांडले, आणि जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे प्रमुख एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे ९० तासांविषयीचे व रविवारी घरी बसून काय करणार या अर्थाचे वक्तव्य समोर आले. आठवड्याचे ९० तास म्हणजे सातही दिवस रोज जवळपास तेरा तास. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार स्वतःच्या घरी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात जातात, पुरुषांची ८८. नोकरी करणाऱ्या स्त्रीचे घरकाम याहून काहीसे कमी धरले, तरी तेरा तासांच्या नोकरीनंतर तिने झोपायचे कधी, याचे उत्तर या हिशेबात नाही. ज्यांच्या घरी दुसरे कोणीतरी स्वयंपाक करते, मुलांचा अभ्यास घेते, आईवडिलांना दवाखान्यात नेते, त्यांचा हा हिशेब आहे.

२०२४ च्या जुलैमध्ये पुण्यात नोकरीला लागून जेमतेम चार महिने झालेल्या एका २६ वर्षांच्या सनदी लेखापाल तरुणीचा मृत्यू झाला आणि तिच्या आईने कामाच्या ताणाबद्दल लिहिलेले पत्र सप्टेंबरमध्ये देशभर वाचले गेले. त्यानंतर कामगार विभागाच्या पाहणीत त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नसल्याचे आढळले, अशा बातम्या आल्या. त्या मृत्यूचे वैद्यकीय कारण काय, यावर मी भाष्य करणार नाही. पण इतके मोठे कार्यालय कायद्याच्या नोंदीत नसू शकते, तर तिथल्या माणसाचा रात्री अकराचा तास कोणत्या नोंदीत असणार?

खासदार सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन आणि ई-मेलला उत्तर न देण्याचा हक्क देणारे खासगी विधेयक (मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेले विधेयक) २०१८ मध्ये तयार केले आणि डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत पुन्हा मांडले. १९७० नंतर एकही खासगी विधेयक संसदेत मंजूर झालेले नाही, हे ठाऊक असूनही ते मांडले जाणे मला मोलाचे वाटते. तरीही माझी मागणी त्याच्याही आधीची आहे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने मे २०१९ मध्ये असा निकाल दिला की, प्रत्येक कर्मचाऱ्याचे रोजचे कामाचे तास मोजणारी वस्तुनिष्ठ व विश्वासार्ह व्यवस्था मालकाने उभारलीच पाहिजे, कारण तिच्याशिवाय तासांची मर्यादा पाळली गेली की मोडली गेली हे ठरवताच येत नाही. अतिश्रमाने होणाऱ्या मृत्यूंशी अनेक दशके झगडणाऱ्या जपाननेही त्याच वर्षी मॅनेजरसकट सर्वांचे तास संगणकाच्या वापराच्या नोंदीसारख्या पुराव्यावरून मोजणे बंधनकारक केले.

आमच्या कंपन्यांकडे हा पुरावा आजच आहे. लॅपटॉप केव्हा सुरू झाला, कॉल किती चालला, कोड रात्री किती वाजता जमा झाला, हे सगळे त्यांच्या सर्व्हरवर असते, आणि कर्मचारी कमी वेळ बसला तर ते बरोबर शोधूनही काढले जाते. तोच पुरावा जास्त वेळ बसलेल्या माणसाच्या बाजूनेही वापरावा आणि त्यातून आलेला हजाराचा आकडा पुढच्या अंदाजात हजार म्हणूनच लिहावा. त्यामुळे किंमत वाढेल आणि काही करार हातचे जातील. ज्यांनी आजवर सातशे तासांच्या पैशांत हजार तासांचे काम करून घेतले, तेच ग्राहक आधी जातील, आणि त्यांना जाऊ द्यावे असे मला वाटते.