अहवालाची सक्ती: भांडण नेमकं कशावर?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न नेहमीचाच: कंपन्यांनी आपलं उत्सर्जन, पाण्याचा वापर, कामगारांचे अपघात याची माहिती दरवर्षी जाहीर करायची, एवढ्याशा नियमावर देशोदेशी इतकी खडाजंगी का? आकडे कंपनीकडे असतातच, ते छापले की झालं.

आकडे असतातच, इथेच गफलत आहे. साधं डिझेल घ्या. एक लिटर जळलं की साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. वर्षाला १०,००० लिटर जळलं तर जवळपास २७ टन. गुणाकार शाळकरी पोरालाही येईल, पण ते १०,००० लिटर आणायचे कुठून? हिशेबाच्या वहीत डिझेलची रक्कम असते, लिटर नसतात. जनरेटरचं डिझेल एका खात्यात, गाड्यांचं दुसऱ्यात, आणि कंत्राटदाराने स्वतः भरलेलं कुठेच नाही.

विजेच्या बिलातही खाचखळगे आहेत. काही ठिकाणी मोठ्या ग्राहकांची आकारणी केव्हीएएचवर, म्हणजे तारांतून ओढलेल्या एकूण विजेवर होते, उत्सर्जनाचा गुणक (एका युनिटमागे किती उत्सर्जन) मात्र केडब्ल्यूएचला, म्हणजे प्रत्यक्ष कामी आलेल्या विजेला लावायचा असतो. दोन्ही आकडे एकाच बिलावर असतात आणि ज्यावर पैसे भरले तोच सवयीने उचलला जातो. पॉवर फॅक्टर, म्हणजे या दोन आकड्यांचं गुणोत्तर, ०.९ असेल तर ९०० युनिटांचे १,००० होतात, म्हणजे उत्सर्जन ११ टक्क्यांनी फुगतं. एसीतला गॅस तर हमखास राहून जातो. देखभालीच्या बिलात तो 'गॅस चार्जिंग' या दोन शब्दांत दडलेला असतो. आर-४१०ए जातीचा एक किलो गॅस गळला तर तो सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचा.

हे झालं कुंपणाच्या आतलं. उत्सर्जनाच्या हिशेबात तीन गट पाडतात, त्यांना स्कोप म्हणतात: स्वतः जाळलेलं इंधन आणि गळालेला गॅस स्कोप १ मध्ये, विकत घेतलेली वीज स्कोप २ मध्ये, आणि कुंपणाबाहेरचं बाकी सगळं स्कोप ३ मध्ये. राजकारण पेटतं ते स्कोप ३ वर. त्यात खरेदी केलेला माल, वाहतूक, कर्मचाऱ्यांचं येणं-जाणं, विकलेल्या वस्तूचा वापर आणि शेवटी तिची विल्हेवाट, असे एकूण १५ प्रकार येतात. पुरवठादाराकडे मोजमाप नसतं, म्हणून केलेल्या खर्चाला त्या उद्योगाच्या सरासरी गुणकाने गुणतात. मग गंमत अशी होते की पुरवठादाराने भट्टी सुधारली तरी तुमचा आकडा जागचा हलत नाही, आणि त्याने भाव वाढवला की तुमचं उत्सर्जन 'वाढतं'. असल्या आकड्याखाली संचालकांनी सही करायची म्हटल्यावर कंपनीचे वकील बिथरणारच. त्यांची ही तक्रार मला खोटी वाटत नाही.

अमेरिकेत नेमकं हेच झालं. तिथल्या रोखे बाजाराच्या नियामकाने, म्हणजे एसईसीने, मार्च २०२२ मध्ये मसुदा आणला तेव्हा त्यात स्कोप ३ होता. ६ मार्च २०२४ ला अंतिम नियम तीन विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला, तेव्हा स्कोप ३ त्यातून गळला होता. उरलेलाही कोर्टात गेला, एप्रिलमध्ये आयोगानेच त्याला स्थगिती दिली आणि मार्च २०२५ मध्ये त्याचा बचाव करणंही सोडलं. पण कॅलिफोर्नियाने २०२३ मध्येच आपला कायदा केला होता: वर्षाला १०० कोटी डॉलरच्या वर उलाढाल असलेल्या आणि त्या राज्यात धंदा करणाऱ्या कंपन्यांसाठी, स्कोप ३ सकट. मुख्यालय दुसऱ्या राज्यात असलं म्हणून सुटका नाही. म्हणजे वॉशिंग्टनमध्ये नियम रोखणाऱ्यांचा विजय अर्धाच ठरला.

युरोपातली लढाई जास्त बघण्यासारखी. युरोपीय संघाचा २०१४ चा निर्देश (सदस्य देशांनी आपल्या कायद्यात आणायचा नियम) ५०० हून जास्त कर्मचारी असलेल्या, प्रामुख्याने शेअर बाजारातल्या कंपन्या, बँका आणि विमा कंपन्यांपुरता होता. २०२२ च्या निर्देशाने जाळं इतकं पसरलं की सुमारे ५०,००० कंपन्या त्यात येतील असा अंदाज होता. सोबत अहवाल कसा लिहायचा हे ठरवणारी १२ मानकं आणि हजाराहून जास्त माहितीचे मुद्दे. त्यात 'दुहेरी महत्त्व' नावाची कसोटी: हवामानामुळे कंपनीच्या पैशावर काय परिणाम होतो तेही सांगा आणि कंपनीमुळे माणसांवर, निसर्गावर काय होतो तेही. पहिला प्रश्न गुंतवणूकदारांचा, दुसरा समाजाचा. दुसरा कायद्याने विचारावा का, यावर डाव्या-उजव्यांचं खरं भांडण आहे. बाकीचं पुष्कळसं कर्मचारीसंख्येच्या आडून चालतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने स्वतःच हा पसारा आवरायला घेतला. ऑक्टोबरमध्ये युरोपीय संसदेत आधी ठरलेली तडजोड ३०९ विरुद्ध ३१८ मतांनी पडली. नोव्हेंबरमध्ये मध्यममार्गी उजव्यांनी अतिउजव्यांची मतं घेऊन सवलती आणखी वाढवल्या. डिसेंबरमध्ये मिटलं ते असं: कर्मचारी १,००० च्या वर आणि उलाढाल ४५ कोटी युरोच्या वर, दोन्ही अटी लागू असतील तरच अहवाल.

हजार मुद्द्यांचा बाऊ मात्र जरा जास्तच झाला. तुमच्या धंद्याला जे लागू नाहीत ते पुष्कळसे वगळता येतात. खर्च होतो तो काय लागू आणि काय नाही हे ठरवण्यात, ते ठरवलं याचे पुरावे जमवण्यात, आणि लेखापरीक्षकाला ते पटवण्यात.

मर्यादा वर नेली की लहानांचा जाच संपतो, हा दावा मला पटत नाही. साठ माणसांचा कारखाना कोणत्याच कायद्यात बसत नव्हता, तरी त्याच्याकडे पाच ग्राहकांचे पाच एक्सेल तक्ते येतात. एकाला जानेवारी ते डिसेंबर हवं, दुसऱ्याला एप्रिल ते मार्च. एक मेगावॉट-तासात विचारतो, दुसरा गिगाज्यूलमध्ये, आणि ३.६ ने गुणायच्या जागी कुणीतरी भागून मोकळा होतो. अपघातांचा दर दहा लाख मनुष्य-तासांमागे मागतात. त्यात कंत्राटी कामगारांचे अपघात धरले जातात, पण त्यांचे तास राहतात, आणि दर विनाकारण चढतो. युरोपने यासाठी लहान उद्योगांना ऐच्छिक मानक दिलं, आणि त्यापलीकडची माहिती द्यायला नकार देण्याची मुभाही ठेवली. या सगळ्या घोळात मला सर्वांत कामाची वाटलेली तरतूद हीच, आणि तिच्यावर भाषण कुणी करत नाही.

भारतात शेअर बाजाराच्या नियामकाने, सेबीने, बीआरएसआर हा व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना सक्तीचा केला. पुरवठा साखळीचा प्रश्न इथेही अडला. आधी एकूण खरेदी-विक्रीच्या ७५ टक्क्यांपर्यंतचे पुरवठादार आणि ग्राहक मोजायचे होते. मार्च २०२५ च्या परिपत्रकाने दोन टक्के किंवा त्याहून जास्त वाटा असलेलेच ठेवले आणि तेही ऐच्छिक केलं. आकड्यांची बाहेरच्याकडून खातरजमा करण्याच्या 'अ‍ॅश्युरन्स'ला 'असेसमेंट'चा, म्हणजे मूल्यमापनाचा पर्याय आला, तोही तेव्हाच. बाहेरच्याला हा शब्दांचा कीस वाटेल, पण पडताळणी कोणी करायची आणि तिचं बिल किती येणार हे त्या एका शब्दावर ठरतं.

माझा कल सक्तीकडेच आहे, पण मोजलेल्या थोड्या आकड्यांच्या. लिटर, युनिट, घनमीटर, मनुष्य-तास, आणि त्यांची पडताळणी. 'आमची मूल्यं' या मथळ्याखालची चाळीस पानं ऐच्छिक राहू द्यावीत. कायदा कुठेही झुकला तरी ग्राहकाचा तक्ता येणारच आहे. तेव्हा डिझेलच्या व्हाउचरवर रकमेशेजारी लिटरचा रकाना आजच पाडून घ्या. गॅस चार्जिंगच्या बिलावर किलो आणि गॅसची जात लिहिलेली नसेल तर ते परत पाठवा.