बॉशच्या नरकातली वीणा

टूर मॅनेजर म्हणून माद्रिदच्या प्राडो संग्रहालयात मी बऱ्याच वेळा गेलोय. चित्रकार हिरोनिमस बॉशच्या ‘गार्डन ऑफ अर्थली डिलाइट्स’ या तीन फळ्यांच्या चित्रासमोर माझं बोलणं ठरलेलं असायचं. चित्र साधारण १४९० ते १५०० मधलं, सर्रिअलिझमचा, म्हणजे स्वप्नातल्यासारखं विचित्र जग मांडणाऱ्या कलाचळवळीचा, जाहीरनामा १९२४ चा. म्हणजे बॉश चारशे वर्षं आधीचा सर्रिअलिस्ट!

त्या दिवशी हे सांगून मी पुढे निघालो, तर एक काकू हलेनात.

"काकू, चला, बस लागलीय."

"थांब रे जरा. हा नरकच ना?"

त्या उजव्या फळीकडे बघत होत्या. सासरे गेले तेव्हा घरी गरुडपुराण लावलं होतं, म्हणाल्या, आणि भराभर ओळखत गेल्या : उलटलेल्या टेबलाजवळचे जुगारी, ढुंगणातून नाणी पडणारा कंजूष, आरशापुढे बसवलेली नटवी. फुटक्या अंड्यासारखं पोट आणि झाडाच्या बुंध्यांचे पाय असलेला माणूस तेवढा त्यांना कुठल्याच पापात बसवता येईना.

मग त्यांना हार्प दिसली. तारांत माणूस ओवलेला.

"ही वीणा?"

"त्याच जातीचं वाद्य."

काकूंचं घर वारकरी. "अरे, सप्ताहात आम्ही वीणा खाली ठेवत नाही. एकाच्या गळ्यातली दुसऱ्याच्या गळ्यात. वीणेकऱ्याच्या पाया पडतो. आणि ह्यानं तिचा सूळ केला?"

गाणंबजावणं म्हणजे भोगाची वाट, असं तेव्हा तिकडे मानत, असं मी सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. मला मात्र बॉशला सर्रिअलिस्ट म्हणणारं माझं ते ठरलेलं वाक्य तिथंच खटकलं. बॉशला स्वप्न रंगवायचं नव्हतं; तो नरक त्याच्या लोकांना खराच वाटायचा. पुढे सर्रिअलिस्टांनी जे केलं ते खरं त्या हार्पमध्ये आहे : वस्तू ओळखीची, जशीच्या तशी, फक्त तिचं काम उलटं. मी इतकी वर्षं लोकांना विचित्र पक्षी दाखवत होतो.

तिथंच एका माणसाच्या उघड्या ढुंगणावर स्वरलिपी लिहिलीय. २०१४ मध्ये एका अमेरिकन विद्यार्थिनीनं ती वाजवून इंटरनेटवर टाकली. बसमध्ये मी काकूंना ती ऐकवली. मोबाइल कानाला लावून त्यांनी ती दोनदा ऐकली. दुसऱ्यांदा त्यांची बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती.