संध्याकाळी मिटणारी पापणी

डावी पापणी पडू लागली तेव्हा मला वाटलं, झोप कमी होतेय. सकाळी डोळा टक्क उघडा, संध्याकाळी अर्धा मिटलेला. मग एकाचे दोन दिसू लागले. जेवणाचे शेवटचे घास चावताना जबडा दमायचा. चष्म्याचा नंबर तपासला, मेंदूचा एमआरआय झाला. तो नॉर्मल आला आणि मी जास्तच घाबरले.

न्यूरोलॉजिस्टांकडे गेले ती वेळ सकाळची. पापणी अगदी जागेवर! नशिबानं मोबाईलमध्ये संध्याकाळचे फोटो होते. ते पाहून त्यांनी विचारलं, "दिवसाच्या कुठल्या वेळी हे वाढतं?" चार महिन्यांत हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. मग एकेक प्रश्न आले. मुंग्या येतात? केस विंचरताना हात भरून येतात? गिळताना ठसका लागतो? श्वास अपुरा पडतो? गुडघ्यावर हातोडी मारली, पाय नीट उडाला. कापसाचा स्पर्शही कळत होता. संवेदना आणि रिफ्लेक्स शाबूत, पण वापरलं की ताकद ओसरते आणि विसाव्यानं परत येते. म्हणून बिघाड नस जिथे स्नायूला संदेश देते त्या सांध्यात असावा, असं त्यांनी समजावलं.

त्यांनी मला एक मिनिट एकटक वर बघायला लावलं. पापणी हळूहळू खाली सरकली. तिच्यावर 2 मिनिटं बर्फाची पिशवी ठेवली आणि पापणी वर आली! नसेचा संदेश स्नायूला पोचवणारं अ‍ॅसिटाइलकोलीन हे रसायन थंडीत हळू मोडतं, म्हणून ते थोडा जास्त वेळ टिकतं. आरशात तो डोळा पाहून मला रडूच आलं. माझा त्रास कुणाला तरी दिसला होता.

पुढच्या तपासण्या खात्रीसाठी होत्या. एकाच नसेला सेकंदाला 3 याप्रमाणे विजेचे हलके झटके दिले. पहिल्या प्रतिसादापेक्षा चौथा 10 टक्क्यांहून जास्त घटला, तर ती या बिघाडाची खूण धरतात. माझा तसा घटला. सुई टोचून स्नायूंतले विजेचे संकेत मोजणाऱ्या ईएमजी तपासणीची धास्ती होती, पण ती निभावली. रक्तातल्या अँटिबॉडी पॉझिटिव्ह आल्या. त्या निगेटिव्ह आल्या तरी आजार नाही असं म्हणता येत नाही, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. निदान झालं: मायस्थेनिया ग्रॅव्हिस, म्हणजे शरीराच्याच अँटिबॉडी नसेचा संदेश स्नायूपर्यंत नीट पोचू देत नाहीत असा आजार. यात काहींच्या छातीतल्या थायमस ग्रंथीत गाठ असते, म्हणून सीटी केला. गाठ नव्हती.

गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला तर थेट इमर्जन्सीत यायचं, ही ताकीद घेऊन घरी आले. अ‍ॅसिटाइलकोलीन लवकर मोडू न देणाऱ्या पायरिडोस्टिग्मिनची पहिली गोळी घेतली आणि घड्याळ समोर ठेवून बसले. पाऊण तासानं डावा डोळा पूर्ण उघडला.