ग्रीन स्वॅम्पमधलं दातदुखीचं गवत

जुलैतल्या एका शनिवारी पहाटे पाचला अमेरिकेतल्या कॅरी गावाहून निघालो, ते एक गवत पाहायला. इंग्रजीत त्याला टूथएक ग्रास म्हणतात, शास्त्रीय नाव टेनियम ॲरोमॅटिकम. मूळ चावलं की जीभ बधिर होते, थेट आपल्या अक्कलकाऱ्यासारखी. पूर्वी लोक दातदुखीवर ते चघळत.

ग्रीन स्वॅम्प उत्तर कॅरोलायनाच्या ब्रन्सविक काउंटीत आहे. सप्लाय गावापासून 211 क्रमांकाच्या रस्त्याने उत्तरेला साडेपाच मैलांवर तळ्याकाठी गाडी लावायची. पुढे दाट झुडपांतली फळ्यांची वाट ओलांडली की एकदम मोकळं होतं: विरळ उभे लाँगलीफ पाइन आणि खाली गुडघाभर गवत. आमचं गवत लगेच ओळखू आलं. दांड्याच्या टोकाला एकच कणीस, आणि दाणे सगळे एकाच बाजूला, कंगव्याच्या दातांसारखे. टेनियम हे नावही कंगव्याच्या ग्रीक शब्दावरूनच आलंय. जुनं कणीस वाळून गोल वळतं, ते तर फारच देखणं.

बुंध्यांवर काळे चट्टे होते. वणवा म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो, पण इथे मुद्दाम, आखून आग लावतात. ती थांबली तर झुडपं माजतात आणि सावलीत गवत मरतं. जाळल्यानंतरच्या उन्हाळ्यात ते भरभरून फुलतं, म्हणून जाण्याआधी कुठला भाग अलीकडे जाळलाय याची चौकशी जरूर करा. या ओल्या, निकस मातीत एका चौरस मीटरात 40 हून जास्त जातींच्या वनस्पती मोजल्या गेल्या आहेत. वाकून बघा, गवताच्या बुडाशी व्हीनस फ्लायट्रॅप ही किडे पकडून खाणारी वनस्पती सापडेल. कासला दवबिंदू ही चिकट पानांची कीटकभक्षी वनस्पती पाहिलेल्यांना इथलेही दवबिंदू ओळखीचे वाटतील. आणि हिरव्या गवताचा जाड झुपका दिसला तर त्यावर पाय देऊ नका, ते लाँगलीफचं पोर असू शकतं.

घोट्यापर्यंत पाणी होतं, तेव्हा जुने, उंच बूट घाला. पायमोज्यांत पँट खोचा, गोचिडी फार आहेत. घरी आल्यावर अंग नीट तपासा. पिण्याचं पाणी सोबत न्या. दहानंतर ऊन सोसवत नाही, सावली जवळपास नाहीच.

चव घ्यायला मूळ उपटू नका. फ्लायट्रॅप चोरणं तर 2014 पासून इथे गंभीर गुन्हा आहे. मी चव घेतली ती मैत्रिणीच्या बागेतल्या, रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाची: आधी लिंबासारखा वास, मग मुंग्या, आणि मग पाच मिनिटं जिभेचं टोक जागेवर आहे की नाही तेच कळेना.