पाचवा रकाना

महिन्याच्या 13 आणि 14 तारखेला आमच्या ऑफिसात कोणी चहालाही खाली उतरत नाही. मागच्या महिन्याची ईएसआयसी, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचं अंशदान, 15 तारखेच्या आत भरायची असते, आणि निम्मे क्लायंट पगारपत्रक पाठवतात 12 तारखेला रात्री. 14 डिसेंबर 2023 ला दुपारी मी अशीच स्क्रीनला चिकटून बसले होते, तेव्हा दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. वय पंचेचाळिशीच्या आसपास, काखेत प्लॅस्टिकची फाइल.

"ताई, आमच्या कंपनीचं ईएसआय इथूनच भरतात ना?"

त्यांनी कंपनीचं नाव सांगितलं. आमचाच क्लायंट. एमआयडीसीतलं पॅकिंगचं छोटं युनिट, वीस-बावीस माणसं.

मी एका लेबर कन्सल्टंटकडे 9 वर्षं आहे आणि 43 कंपन्यांचं पीएफ-ईएसआयसी बघते. इतक्या वर्षांत आमच्याकडे कामगार असा चालत आलेला मला आठवत नाही. आम्हाला कामगार माहीत असतो तो 10 आकडी विमा क्रमांक म्हणून. सरांनी केबिनमधून बघितलं आणि मला खुणेनं सांगितलं, कंपनीत पाठव. सर माणूस म्हणून चांगले आहेत, पण 14 तारखेला त्यांना समोर फक्त चलान दिसतं. बाई मात्र कंपनीतूनच आल्या होत्या. तिथल्या वॉचमननं त्यांना आत सोडलं नव्हतं, "सगळं कन्सल्टंटकडे असतं" म्हणून आमचा पत्ता दिला होता.

मी त्यांना बसवलं. फाइलमध्ये अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचा नामंजूर झालेला क्लेम होता.

या योजनेबद्दल खुद्द कामगारांनाच फार कमी माहिती असते, म्हणून थोडं सांगते. ज्याची ईएसआयसी कापली जाते त्याची नोकरी गेली, तर त्याला 90 दिवसांपर्यंत बेकारीची मदत मिळते. आयुष्यात एकदाच. 2018 मध्ये योजना आली तेव्हा सरासरी मजुरीच्या 25 टक्के मिळायचे, कोविडच्या वर्षी ते 50 टक्के झाले. आधी नोकरी गेल्यावर 90 दिवस थांबावं लागायचं, ते 30 वर आलं. क्लेम कंपनीमार्फत पाठवण्याची सक्तीही गेली. कामगार स्वतः अर्ज करू शकतो आणि पैसे थेट त्याच्या बँक खात्यात येतात. अट अशी की निदान दोन वर्षं विम्याखालची नोकरी हवी. बेकार होण्याच्या लगेच आधीच्या सहामाहीत किमान 78 दिवसांचं अंशदान हवं, आणि त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी एकीत आणखी 78. सहामाही म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च.

बाई त्या युनिटमध्ये सहा वर्षं होत्या. पगार 12,500. त्यातून महिन्याला 94 रुपये ईएसआयसीचे कापले जायचे, कंपनी 407 घालायची. हे आकडे मला तोंडपाठ आहेत, कारण ते मीच काढते. अशा बाईचा क्लेम दिवस कमी भरतात म्हणून नामंजूर कसा होईल? शाखा कार्यालयातल्या माणसानं त्यांना नीट समजावून सांगितलं होतं: तुमच्या नोकरीची शेवटची तारीख 31 ऑक्टोबर आहे, त्याआधीच्या सहामाहीत दिवस 52 च आहेत, कंपनीला विचारा.

"पण मी ऑक्टोबरात कुठं होते हो कामाला?" बाई म्हणाल्या. "आम्हाला मे एंडलाच घरी बसवलं. ऑर्डर आली की फोन करतो म्हणाले."

मग त्यांनी फाइलमधून भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं काढली. सुटी केलेली, घडी घातलेली. प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं एक उभी रेघ म्हणजे हजेरी, आणि खाली बारीक अक्षरात ओव्हरटाइमचे तास. एप्रिलच्या पानावर 25 रेघा. मेच्या पानावर 27, रविवार सोडून एकही चौकोन रिकामा नाही. जूनपासून रेघा नव्हत्या. त्याऐवजी काही तारखांना छोटा गोल होता. मी विचारलं, हे काय? म्हणाल्या, "सुपरवायझरला फोन केला ते दिवस." जूनमध्ये नऊ गोल होते, जुलैत पाच, ऑगस्टमध्ये दोन.

मी त्या कंपनीचं फोल्डर उघडलं.

पोर्टलवर जी एक्सेल चढवावी लागते तिला सहा रकाने असतात. विमा क्रमांक, नाव, पगाराचे दिवस, एकूण पगार, शून्य दिवसांचं कारण, आणि शेवटचा कामाचा दिवस. पाचव्या रकान्यात आकडा टाकायचा. 1 म्हणजे रजेवर. 2 म्हणजे नोकरी सोडली. 8 काम स्थगित, 9 संप किंवा टाळेबंदी, 10 कामगार कपात, 11 काम नाही. असे 13 पर्यंत कोड आहेत. आमच्या ऑफिसात त्यातले दोनच चालतात. माणूस पुन्हा येणार असेल तर 1, नाव काढायचं असेल तर 2. "लेफ्ट मार" हा आमच्याकडे रोजचा शब्द आहे. लेफ्ट मारला की पुढच्या महिन्यापासून ते नाव यादीतच येत नाही. मी कामाला लागले तेव्हा मला शिकवलं ते एवढंच की फाइल एररशिवाय चढली पाहिजे. पाचव्या रकान्यातल्या आकड्यानं कामगाराचं पुढं काय होतं, हे ना कुणी सांगितलं, ना मी विचारलं.

जूनच्या फाइलमध्ये त्यांच्या नावापुढे 0, 0, 1. जुलैत 0, 0, 1. ऑगस्ट, सप्टेंबर तसंच. मालकांचा निरोप होता, नावं राहू द्या, परत बोलवायचंय. त्यांना तेव्हा खरंच बोलवायचं असेलही. ऑक्टोबरच्या पगारपत्रकावर शेरा आला, "यांना लेफ्ट करा". मी 2 टाकला आणि सहाव्या रकान्यात 31/10/2023. महिन्याची शेवटची तारीख टाकायची सवय आहे, हात आपोआप जातो.

कॅलेंडर टेबलावर होतं आणि फाइल स्क्रीनवर. बाई चार महिने रजेवर होत्या, असं सरकारी नोंदीत मी लिहिलं होतं. 11 नंबरचा कोड, "काम नाही", त्याच यादीत होता. त्यांच्या बाबतीत शब्दशः खरा होता. आणि सहाव्या रकान्यात 31 मे आला असता तर लगेच आधीची सहामाही ठरली असती ऑक्टोबर ते मार्च. त्यात त्यांचे 154 दिवस होते, अट 78 ची. माझ्या 31 ऑक्टोबरमुळे सहामाही पुढे सरकली आणि एप्रिल-मेचे 25 अधिक 27 एवढेच हाती राहिले.

मी कागद घेऊन हिशोब मांडला. आधीच्या चार सहामाह्यांचा एकूण पगार भागिले 730, त्याच्या निम्मे, गुणिले 90. तीन लाखांना 730 नं भागलं की 410 रुपये 96 पैसे. निम्मे 205 रुपये 48 पैसे. 90 दिवसांचे 18,493. समजा 78 ची अट नसती आणि चुकीच्या तारखेवरच क्लेम मंजूर झाला असता, तरी मधले चार कोरे महिने हिशोबात शिरून रक्कम 15,411 वर आली असती, आणि आयुष्यातली एकमेव संधी त्यात संपली असती.

बाई माझ्या पेन्सिलीकडे बघत होत्या. "मग हे 31 ऑक्टोबर भरलं कुणी?"

मी म्हणाले, "ऑफिसमधून भरलं गेलं, मावशी. कंपनीनं कळवलं तसं."

भरलं गेलं. त्या दिवसापासून हे दोन शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीत.

चलान भरल्यानंतर मागच्या महिन्याची नोंद माझ्या लॉगिनमधून बदलता येत नव्हती. कंपनीचं पत्र, हजेरीपट, पगारपत्रक आणि बँक स्टेटमेंट जोडून कार्यालयाकडेच दुरुस्ती मागायची होती. पत्र मी त्याच दिवशी संध्याकाळी टाइप केलं, उरलेली चलानं रात्री साडेअकरापर्यंत भरली. खरी अडचण सहीची होती. मालकांनी मसुदा वाचून सरांना फोन केला, आणि त्यांची भीती मला तेव्हा समजली. पत्रात "31 मेनंतर काम दिलं नाही" असं लिहून दिलं, तर उद्या कुणी कामगार कपातीची भरपाई मागेल. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार. सहा वर्षांच्या नोकरीचे ते किती होतात, हे मालकांना माझ्याआधी कळलं होतं.

दुसरी बाजूही होती आणि ती मला ठाऊक होती. नोंदीत आणि पत्रात "कामगार कपात" हा शब्द आला असता, तर बाईंना राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेखाली अर्ज करता आला असता. ती 2005 पासूनची योजना. पहिले 12 महिने निम्म्या दरानं, पुढचे 12 महिने पाव दरानं. तीन महिन्यांऐवजी दोन वर्षं. पहिल्या मसुद्यात मी तो शब्द लिहिला होता. सरांनी तो खोडला आणि म्हणाले, "सही हवी आहे की शब्द?" त्यांचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. क्लायंट गेला तर माझाही पगार तिथूनच येतो. पण शब्द खोडल्यावर बाईंना तसं सांगायला हवं होतं. त्यांच्या हातात ईएसआय कायद्यातला कामगार विमा न्यायालयाचा मार्ग होता, कपातीच्या भरपाईसाठी कामगार आयुक्तांचं कार्यालय होतं. मी सांगितलं नाही. जे मिळतंय ते आधी मिळू दे, असं मी स्वतःला समजावलं.

पत्र अखेर "कामाअभावी दि. 31/05/2023 नंतर कामावर नाहीत" एवढ्यावर आलं. सही मिळायला 19 दिवस लागले. बाईंनी पासबुक भरून आणलं, शेवटचा पगार 7 जूनला जमा झालेला. हजेरीपटाची झेरॉक्स मी कंपनीत जाऊन स्वतः काढली, कारण त्यांच्या क्लार्कवर माझा भरवसा नव्हता. शाखा कार्यालयातल्या साहेबांनी कॅलेंडरची पानंही ठेवून घेतली. पुरावा म्हणून त्याला किंमत नाही म्हणाले, पण प्रत्येक पान उलटून बघितलं.

फाइल फिरत असताना मला दुसरीच गोष्ट सतावत होती. जूनच्या एक्सेलमध्ये 0, 0, 1 अशा सात ओळी होत्या. बाई सातांतल्या एक. बाकीच्या सहाजणींना अशी योजना आहे हेच माहीत नसणार. या बाईंना तरी कुठं माहीत होतं? सायबर कॅफेवाल्या मुलानं आधारचं काहीतरी करताना सहज सांगितलं, आणि 100 रुपये घेऊन फॉर्म भरून दिला. मी सहाजणींचे मोबाइल नंबर काढले. सर म्हणाले, हे आपलं काम नाही. मी घरून, माझ्या फोनवरून केले. चौघी सापडल्या. त्यांतल्या दोघींना जुलैतच दुसरीकडे काम लागलं होतं, मधल्या दिवसांचा क्लेम होऊ शकेल म्हटलं तर एक म्हणाली, "आता कशाला, ताई, नवीन मालकाला कळलं तर." दोघींचे कागद मी बाईंच्याच पत्रासोबत जोडले, कारण मालकांकडून पुन्हा सही मागायची माझी तयारी नव्हती. जूनच्या फाइलमधल्या सातव्या आणि नवव्या ओळीतल्या बायकांचे नंबर बंद आहेत.

आता शून्य दिवस दिसले की मी कंपनीला फोन करते आणि एकच प्रश्न विचारते, शेवटचा दिवस कामाला आले ती तारीख काय? पाच-सहा क्लायंट वैतागलेत. एकानं सरांकडे तक्रार केली की पोरगी चौकशी करते. जुन्या फाइली मात्र मी अजून उघडलेल्या नाहीत. 43 कंपन्या, 9 वर्षं, आणि दर महिन्याच्या फाइलमध्ये कुठं ना कुठं एक 1 आहेच.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बाईंचा फोन आला. खात्यात 18,493 जमा झाले होते, कागदावर मांडले होते तेवढेच. मागे कुकरची शिट्टी होत होती आणि त्या ओरडूनच बोलत होत्या. तुमच्यामुळं झालं म्हणाल्या, तुमच्यासारखं माणूस तिथं बसलंय म्हणून झालं, नाहीतर आमचं कोण ऐकतं. मी सांगायचं ठरवलं होतं. 31 ऑक्टोबर मी टाकला, मावशी, माझ्या हातानं, एवढंच वाक्य होतं. त्या थांबतच नव्हत्या. आणि जेव्हा थांबल्या, तेव्हा मी म्हणाले, "बँकेचा मेसेज पुसू नका, जपून ठेवा."